वालाच्या वेलीचे राखणदार

शिवणकामवालीच्या खिडकीला पडदा नव्हता, वालाची वेल होती. दुपारचं ऊन थेट पाळण्यावर यायचं, ते वेल अडवायची. सावली असली की सहा महिन्यांचं गाठोडं (घरात लेकीला हेच नाव पडलं होतं) दोन तास गाढ झोपायचं, आणि तेवढ्यात मशीन चालायचं. वेल गेली की झोप गेली, आणि झोपेबरोबर कामही.

म्हणूनच शेंड्यांवर काळा मावा दिसला तेव्हा तिनं हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मोहरीएवढे किडे देठांना चिकटून रस शोषत होते. त्यांच्यात आणखी एक प्रकार हिंडत होता: लांबट, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके. हेच खरे वैरी, असं तिनं ठरवून टाकलं. रोज सकाळी चिमट्यानं एकेक उचलून ती साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायची. पाच दिवस झाले तरी मावा उलट वाढतच होता. शेवटी शेजारीण फवारणीची बाटली देऊन गेली. पण पाळणा हातभरावर. तिचा हात धजेना.

त्याच दिवशी सासऱ्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभर माळीकाम केलेला माणूस, पहिल्यांदा खिडकीशीच आला.

"जग कसं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय!" मग त्यांची नजर वाडग्यात गेली. "हे काय गं?"

"कीड. पाच दिवस वेचतेय, बाबा."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, चोर सोडून पोलीस बुडवलेस की! तो लाल, ठिपक्यांचा गोल ढालकिडा नाही का? त्याची पिल्लं ही. मावा खाऊनच वाढतात."

"इतकी कुरूप?"

"आपलं गाठोडं जन्मलं तेव्हा काय फार देखणं होतं?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "आता फवारू का?"

"मावा मरेल आणि उरलेसुरले राखणदारही. मग मावा आधी परत येईल, राखणदार सावकाश. पानांच्या पाठी बघ जरा. मला अजून बारीक दिसत नाही. तुझी सुई ओवायची नजर लाव."

तिनं एकेक पान उलटलं. खालच्या एका पानामागे ती थांबली. "पिवळे दाणे आहेत, उभे. वीसेक असतील."

"त्यांचीच अंडी! झालं तर मग. थोडे दिवस दे त्यांना."

तिनं बाटली परत केली. माव्यानं पानं आक्रसून सावली विरळ झाली होती, म्हणून खिडकीला अस्तराचं कापड टांगलं, पण आत नुसता उकाडा. गाठोडं रडायचं, कधी तिच्या खांद्यावर, कधी आजोबांच्या. चौथ्या दिवशी अंडी फुटली. "खा गं बायांनो, पोटभर खा," ती रोज सांगायची. तिसऱ्या आठवड्यात नवे शेंडे स्वच्छ निघाले आणि अस्तर खाली उतरलं.

एका दुपारी लेकीच्या दुपट्यावर लाल किडा बसला. झटकायला तिचा हात सवयीनं उठला आणि वाटेतच थांबला. तिनं बोट पुढे केलं. तो नखापर्यंत चढला, पंख उघडून वेलीत गेला.

"दमला असशील, जेवून घे हं," ती त्याला म्हणाली. सासरे खुर्चीत घोरत होते. वेलीची सावली त्यांच्या डोळ्यांवर पुरत नव्हती, म्हणून तिनं एक डहाळी हलकेच खाली ओढून बांधली. मग ती मशीनवर बसली.