गुणाची पोर

माझी पोर रडत नव्हती आणि घरभर तिचं कौतुक चाललं होतं. "लय गुनाची हाय," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "मायले तरासच नाई." मला मात्र तो त्रास हवा होता. पहिलं बाळंतपण म्हणून मी वलगावला माहेरी आले होते. शेजारचं लेकरू रडून आभाळ डोक्यावर घ्यायचं, तेव्हा माझा जीव तीळतीळ तुटायचा. ही चार घोट ओढायची आणि पुन्हा डोळे मिटायची. हिनं एकदा माझ्यासाठी घर उठवावं, एवढंच मागत होते.

संध्याकाळी अकोल्याहून स्वप्निलचा फोन यायचा. पहिला आठवडा तो माझंही विचारायचा. पुढे नुसतं, "पोरगी काय करून रायली? दूध पेते?" लेक आली नि बायको मागे पडली, म्हणून मी रुसायचे. आणि तरी दुपारपासून फोन उशाशी घेऊन त्याच्या आवाजाची वाट पाहायचे.

एकोणिसाव्या दिवशी अमरावतीच्या दवाखान्यातल्या नर्स चंदाताई स्कूटीवर दारात आल्या. तिसऱ्या दिवशी पोरीच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर त्यांनीच घेतले होते.

"थायरॉइडचा रिपोर्ट ना धड चांगला, ना धड वाईट," त्या म्हणाल्या. "पुन्हा रक्त पाहा लागते. आठव्या दिवसापासून तीनदा फोन केला. तुमचे मिस्टर म्हणे, आणतो."

कार्डावर नंबर फक्त स्वप्निलचा होता.

आई आडवी आली. "सव्वा मयना झाल्याबगर बाळंतीन उंबरा नाई ओलांडत. अन् लेकरू तं चांगलं गपगार झोपते."

"तेच तं भ्याव हाय, मावशी. थायरॉइड कमी असलं तं लेकरू असंच गप रायते. गोळी लवकर सुरू झाली तं ठीक. उशीर झाला तं डोक्याच्या वाढीवर येते."

मी पोरीला उचललं आणि निघाले. आई ओरडली, मग माझ्या कानाला बांधायला रुमाल घेऊन मागे धावली.

ऑटोतून स्वप्निलला फोन लावला. "तुले मालूम होतं, तं मले कावून नाई सांगतलं?"

तो म्हणाला, "नक्की काई नाई म्हणे. अन् बाळंतिणीनं धसका घेतला तं दूध आटते, असं माय म्हणे. सव्वा मयना झाला का नेऊ म्हटलं."

"दूध लय हाय रे. पेनारी जागी होत नाई!"

दुसऱ्या रक्तात थायरॉइड कमीच निघालं. गोळी चुरून माझ्याच दुधातून सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळं नीट होईल. त्या 'बहुतेक'वर मी अजून झोपते-उठते. दहाव्या गोळीच्या दुपारी पोरीनं असा टाहो फोडला की आई चुलीवरची भाकर टाकून आली, आणि मी हसत-रडत बसले.

स्वप्निल आता दर रविवारी येतो. परवा पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता. खाली पाहत म्हणाला, "अजून राग हाय?"

राग होता. पण त्याच्या त्या संध्याकाळच्या प्रश्नांमागे काय होतं, ते आता मला कळलं होतं.

"अकरा दिवस तू एकटाच भेत रायला ना?"

त्यानं मान हलवली.

"मले संग घ्या लागत होतं रे. दोघं भेलो असतो, तं आठव्याच दिवशी गेलो असतो."