मच्छिंद्र म्हणे

मला कॅसेट काढायची होती. लोकांना बंगला बांधायचा असतो, सरपंच व्हायचं असतं. मला साठ मिनिटांची एक कॅसेट हवी होती आणि तिच्यावर माझं नाव.

जाफराबादला एसटी स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. पायानं मशीन चालते, तोंडानं भजन. भजनंही माझीच, मी जुळवलेली. शेवटच्या कडव्यात 'मच्छिंद्र म्हणे' असं येतं. संत आपलं नाव घालत, मग मी का घालू नये? वीस वर्षं आमच्या भजनी मंडळात मी म्हणत आलो आणि समोरचा गादीवाला लालमियाँ पिंजारी ढोलकी वाजवत आला.

त्र्याण्णव साली जालन्याच्या बद्रीशेठनं शब्द दिला. त्याचं कॅसेटचं दुकान होतं, जत्रांमध्ये माल खपवायचा. म्हणाला, "साफ भरून आणा टेलर मास्तर. मधी कुत्रं भुंकलेलं चालणार न्हाई. पसंत पडलं तर शिवरात्रीच्या जत्रेला कॅसेट काढू. खर्चा माझा."

औरंगाबादच्या एका स्टुडिओवाल्यानं तासाचा जो भाव सांगितला, तो ऐकून मी त्याला विचारलं, "गाणं भरता का विहीर खणता?" मग घरीच भरायचं ठरलं. मेहुण्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. एक माईक विकत घेतला आणि तो मोडक्या छत्रीच्या दांड्याला बांधला.

आता ऐका. घराशेजारी पिठाची गिरणी. लाईट असली की गिरणी चालू. लाईट गेली की गिरणी बंद, पण टेपही बंद. म्हणून सेल टाकले. तर लाईट गेल्यावर अख्खी गल्ली बाहेर येते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाया हापशावर, पोरं ओट्यावर, आणि त्या हापशाला तेल घालायला ग्रामपंचायतीला मुहूर्त मिळत नव्हता. एकदा तेवढ्यातूनही नीट जमत आलं, अन् शेवटच्या कडव्याला आमच्या घरातला कुकर बोंबलला. मी ओरडलो तर मालनबाई, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "तुमच्या भजनापायी वरण कच्चं ठिवू का?"

दुकानात भरायला बसलो तर एसटीचा भोंगा. देवळात बसलो तर घंटा, आणि घंटा वाजवणाऱ्याला नको म्हणावं तर आपणच नास्तिक ठरतो. महिनाभर हेच चाललं. मला तर वाटायला लागलं, सगळं गाव 'मच्छिंद्र म्हणे' यायची वाट बघतं आणि बरोबर तेव्हाच ठणाणा करतं. रागानं माझी झोप उडाली. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लावल्या.

शेवटी लालमियाँच म्हणाला, "कापसात भरू."

"काय?"

"मी जिंदगीभर कापूस पिंजून राह्यलो. खोलीत ढीग लागला का पिंजणाचा आवाज बसतो. कापूस आवाज पिऊन टाकतो, बघ तू."

आमच्या थोरल्या भावाकडे, काकासाहेब दादाकडे, गावाला खोलीभर कापूस पडलेला होता, अगदी आढ्यापर्यंत. दादा भाव चढायची वाट बघत होता. दोन पोती बाजूला सारून आम्ही आत शिरलो आणि दार लावलं. मी टाळी वाजवली, तर टाळी हातातच मेली. असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर दादाची म्हैस ओरडत होती, हे वहिनींनी नंतर सांगितलं तेव्हा कळलं.

माईक एकच. तो माझ्या तोंडाशी धरला, आणि ढोलकीनं आवाज दाबू नये म्हणून लालमियाँला पार कोपऱ्यात, कापसाच्या आड बसवलं. तो म्हणाला, "लई दूर होतंय यार." मी म्हटलं, "गप बस." अंगाला अशी खाज सुटली की सांगता सोय नाही, पण मी जागचा हललो नाही. सलग आठ भजनं म्हटली. एक खुट्ट नाही.

बाहेर ओट्यावर आलो. नंदाबाई वहिनींनी चहा आणला. मी टेप लावला.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वरचा सूर आला आणि मी म्हटलं, हा कोण रेकतोय? सेल उतरले असतील. नवे सेल घातले. तेच. टेपच्या आत मळ बसला असेल. कापसाला काय तोटा, बोळा करून पुसला. तेच. दुसऱ्या भजनात तेच, तिसऱ्यात तेच. गिरणी नाही, हापसा नाही, कुकर नाही. दोष कोणाला द्यावा तर कोणी उरलंच नव्हतं. स्वच्छ, साफ, एकटा माझा आवाज, आणि तो बेसूर होता.

लालमियाँ बशीतला चहा बघत बसला होता.

"लाल्या, बोल."

"काय बोलू?"

"मी असाच म्हणतो?"

"वरच्या पट्टीत सूर उतरतो तुझा. पैल्यापासून."

"मंग मंडळात कसा ऐकू येत न्हाई?"

त्यानं बशी खाली ठेवली. "उतरला का मी थाप जोरात मारतो. टाळवाल्यायला मान हलवतो, ते बी जोर करतात. त्यायला बी माहीत हाय."

वीस वर्षं! माझी पँट मागून फाटलेली, आणि सगळं मंडळ मला लागून चाललं होतं, कोणाला दिसू नये म्हणून. मला इतका संताप आला की बशी फेकावी वाटलं. वहिनींची होती म्हणून फेकली नाही.

"सांगितलं का न्हाईस मला?"

"गाणं लई चांगलं असायचं तुझं. सांगितलं असतं तर तू नवं केलंच नसतंस."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार हाय. कापूस चालला. काय करायचं ते आजच्याला करून घ्या."

मी उठलो. "लाल्या, तू म्हण."

नाही नाही म्हणाला. त्याला सगळी भजनं पाठ होती, मला ठाऊक होतं. त्याच्या हाताला धरून आत नेला आणि माईकसमोर बसवला. ढोलकी मांडीवर घेतली त्यानं, पण थाप हलकी मारत होता. आता झाकायचं काही नव्हतं. भजन जुळवताना माझ्या डोक्यात जसं वाजायचं, तसंच ते त्याच्या गळ्यातून आलं. मी बटण दाबून बसलो होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रागही येत होता. माझं गाणं माझ्यावाचून इतकं सुखात असावं, हे मला सहन होत नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं जालन्याला गेलो. बद्रीशेठनं डोळे मिटून ऐकलं. शेवटचं कडवं आलं:

मच्छिंद्र म्हणे देवा, उसवली शिवण,
शिंपिया, तुझ्या दारी आलो मी शरण.

शेठनं हात जोडले. "वा! साक्षात मच्छिंद्रनाथ! देहाची शिवण! हे नाथांशिवाय कोणाला सुचणार? कुठं घावलं हो तुम्हाला? जुनी वही हाय का?"

"मी केलंय ते. तलाठ्याच्या पँटीची शिवण उसवल्ती, तव्हा सुचलं. मच्छिंद्र म्हंजे मी."

तो हसला. मग आम्ही हसत नाही हे बघून गंभीर झाला. "मंग अवघड हाय मास्तर. नाथांचं म्हणलं तर कॅसेट हातोहात जाईल. टेलरचं म्हणलं तर कोण घेईल? 'पारंपरिक' लिहू द्या, उद्या छापायला टाकतो. न्हाई तर घेऊन जा."

लालमियाँ ताडकन उठला. "चल मच्छू. इसका नाम नहीं तो मेरा भी नहीं."

मी त्याला खाली बसवलं. कॅसेट परत नेली असती तर ती ट्रंकेत पडली असती. मंडळात पुन्हा मीच म्हटलं असतं, आणि त्यानं पुन्हा थाप जोरात मारली असती. ते मला आता नको होतं.

"लिहा," मी म्हटलं. "पारंपरिक लिहा."

कॅसेट निघाली. स्वर, लालमियाँ. रचना, पारंपरिक. जत्रेत खपली, मग गावोगाव वाजायला लागली. स्टँडवरच्या चहावाल्यानंही आणली आणि दिवसभर लावायला लागला.

परवा आमच्या गल्लीतल्या चतुराबाई दुकानात आल्या होत्या. समोर तेच भजन लागलं. 'मच्छिंद्र म्हणे' आलं तशा त्या जागीच थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले. कडवं संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. "काय सांगून गेले गं बाई नाथ," असं पुटपुटल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

मग माझ्याकडे वळल्या.

"आन तू रं मच्छिंद्रा? नुसता ऐकत बसतो का? आठ दिस झाले, माझी चोळी कव्हा देणार हाईस?"