झोरावरची खाचरं

'दगड दगडच असतात मॅडम. तुम्ही भाकऱ्या करा.'

प्रेरणानं ते वाचलं, हातातली भाकरी तव्यावर आपटली आणि पीठ लागलेल्या अंगठ्यानंच उत्तर लिहायला घेतलं. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. काचेवर पांढरे ठसेच ठसे.

"अगं तवा बघ, तवा!" फुलाबाई ओरडली. "भाईर पुन्याची मान्सं बसल्यात. त्यांना काय कोळसा वाढू?"

"मावशी, हा म्हनतोय दगडं आपोआप अशी बसत्यात."

"बसू दे की. तुज्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं न्हाई, आज्याचं जातंय," प्रेरणा म्हणाली आणि करपलेली भाकरी उलथन्यानं उचलून बाजूला टाकली.

फुलाबाईची खानावळ पानशेतच्या रस्त्यावर. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायची आणि प्रेरणा सकाळपासून चुलीपुढं. वय सतरा. अकरावीत एकदा सरांनी तिची वही वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. ती बोलते तसंच लिहिते म्हणून पोरं खिदळली. तिनं वही सरांच्या हातातून ओढून घेतली, दप्तर उचललं आणि निघाली ती थेट एसटीत बसली. पुन्हा गेली नाही. घरच्यांनी महिनाभर समजावलं, मग कंटाळून मावशीकडं भाकऱ्या थापायला पाठवलं.

तिथं तिला झोरा भेटला.

झोरा म्हणजे मोबाईलवरच्या खेळातला एक ग्रह. खेळणारा तिथं कंपनीचा मोजणीदार. जमीन मोजायची, खुणेचे दगड रचायचे, कंपनीला कळवायचं. खेळ सुरू झाला की काळ्या पडद्यावर एक वाक्य यायचं : 'या ग्रहावर आपल्याआधी कोणीही नव्हतं.' जगभरची पोरं त्या वाक्यामागं लागली होती. कोण म्हणे कंपनीनं यंत्रमानवांची आठवण पुसली, कोण म्हणे आपण सगळे कधीच मेलोय आणि हे नुसतं स्वप्न आहे. रोज नवा तर्क, रोज नवी भांडणं.

प्रेरणाला यातलं काहीच पटलं नव्हतं. तिला पटलं ते तिनं डोळ्यांनी बघितलेलं. झोरावर एक मोठा तलाव होता. खेळातला उन्हाळा आला की त्याचं पाणी उतरायचं. बाकीचे तेव्हा डोंगरात खनिज शोधायला पळायचे. ही मात्र काठाकाठानं फिरत बसली. डोंगराच्या अंगावर, पाण्याच्या वर, तिला एक पांढरी रेघ दिसली. सरळ, एका पातळीत. तसली रेघ ती लहानपणापासून रोज बघत आलेली. अडवलेलं पाणी उतरलं की मागं राहते ती. आणि रेघेखाली गाळात दगडांच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात हातभर फट. वरच्या पायरीला डावीकडं, खालच्या पायरीला उजवीकडं, त्याच्याखाली परत डावीकडं.

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला होता. ही तर भाताची खाचरं!

हितं मान्सं होती, असं तिनं लिहून टाकलं. कंपनी खोटं बोलते. वर फोटो. त्यावर ही सगळी हसाहस. 'भाकऱ्या करा' असं पहिल्यांदा कुणी लिहिलं त्या दिवशी तिनं रागानं खेळातलं स्वतःचं नावच बदललं. भाकरीवाली.

"ए भाकरीवाली!" बाहेरून फुलाबाईनं हाक मारली. आज तिच्या आवाजात नवल होतं. "तुला इचारत कोन तरी आलंय गं."

बाहेरच्या बाकावर, रिकाम्या ताटांपुढं, एक पोरगा आणि एक पोरगी. पोराच्या गळ्यात कॅमेरा, पायांत धुळीचा ठिपकाही नसलेले बूट. प्रेरणानं त्याला लगेच ओळखलं. स्वरूप. पुण्याचा. खेळांवर व्हिडिओ करायचा, लाखांनी बघणारे. सोबतच्या शेफालीनं व्हिडिओ जोडायचं काम करते म्हणून सांगितलं.

"तूच ती?" स्वरूप उठून उभा राहिला. "अगं, तुझा तो फोटो! आम्ही तीन रात्री झोपलो नाही."

"मग कमेंटमदी तुमच्यातलं कुनी तसं बोल्लं न्हाई."

"लोक गाढव असतात. पण तू जे शोधलंयस ना, ते सॉलिड आहे. डावं, उजवं, डावं, डावं, उजवं. कळतंय का काय आहे ते?"

प्रेरणाचा चेहरा खुलला. "व्हय!"

"कोड!" स्वरूपनं टेबलावर थाप मारली. "डावी फट म्हणजे शून्य, उजवी म्हणजे एक. परग्रहवासीयांनी दगडात लिहून ठेवलेला संदेश."

प्रेरणा आत बघून म्हणाली, "मावशी, माजं तासभर काम बघ. ह्यांना खाली नेऊन आनते."

"आगं गिऱ्हाईक!"

"तेबी गिऱ्हाईकच हाय. येडं."

मे महिन्याचं ऊन. धरणाचं पाणी पार खाली गेलेलं. रस्ता सोडून त्या तिघांनी उतार धरला. भेगा पडलेला गाळ पायाखाली पापडासारखा मोडत होता. डोंगरावर पांढरी रेघ त्यांच्या डोक्यापेक्षा किती तरी वर राहिली. शेफाली मध्येच थांबली, रेघेकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "स्वरूप, सेम आहे रे."

खाली, पाण्याच्या जवळ, एक म्हातारा उकिडवा बसून दगडावर दगड चढवत होता. डोक्याला पंचा, गुडघ्यापर्यंत गाळ.

"हे माजे आजा. आबा म्हनतो आमी," प्रेरणा म्हणाली. "रखमाजी त्यांचं नाव. आबा, ही पुन्याची पावनी."

"या, या. बसा," म्हातारा म्हणाला आणि बसायला जागा म्हणून गाळ दाखवला.

"काय करताय आजोबा?" शेफालीनं विचारलं.

"बांध घालतोय. पडलाय की."

"इथं? पण जुलैत तर सगळं पाण्याखाली जाईल ना?"

"जातंय की. दर साली जातंय."

"मग?"

रखमाजीला प्रश्नच कळला नाही. "माज्या बापाचं खाचर हाय पोरी. बांध पडका ठिवायचा व्हय?"

प्रेरणा बांधाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथं हातभर फट होती. "हे बघा. वरच्या खाचरातलं पानी हितनं खाली येतंय. खालच्याची फट पार त्या टोकाला. एकाच बाजूला सगळ्या फटी ठिवल्या तर पानी सरळ पळून जाईल, बाकीचं खाचर कोरडं. म्हनून एक हिकडं, एक तिकडं. पानी अख्ख्या शेतातनं फिरून जातंय. कोड न्हाई, काय न्हाई. भात हाय भात!"

"आणि दोन डाव्या लागोपाठ?" स्वरूप हट्टानं म्हणाला.

"मदी खडक आला आसंल," रखमाजीच बोलला. "खडकापुडं कुनाचं चालतंय? आमच्या त्या तिसऱ्या खाचराला तसंच हाय, बघा जावा."

शेफाली खरंच गेली. वाकून बघितलं आणि लांबूनच हात वर केला.

स्वरूप पुढं सरकला. कॅमेरा वर करून त्यानं चार शॉट घेतले. रेघ, गाळ, म्हाताऱ्याचे हात. मग रखमाजीनं विचारलं, "कशाचं चाललंय तुमचं?"

"आबा, मोबाईलमदी एक गाव हाय. पान्याखाली गेल्यालं. आनि मालक म्हनतोय, हितं कुनी न्हवतंच."

रखमाजीनं हातातला दगड खाली ठेवला. "आमच्यातबी तसंच. म्या धा-अकरा वर्साचा. धरनाच्या सायबानं नकाशा उलगडला. बाप म्हनला, ह्यात माजं खाचर कुठं हाय? सायेब म्हनला, ही जागा कोरी हाय. बाप चिखलाच्या पायानं तसाच नकाशावर हुबा ऱ्हायला. म्हनला, आता दिसतंय का?"

प्रेरणा हसली. तिला ही गोष्ट पाठ होती, पण दर वेळी ती इथंच हसायची.

वर येताना स्वरूप म्हणाला, "आजोबा भारी आहेत. पण व्हिडिओत हे नको. लोकांना शेती नको असते, रहस्य हवं असतं. तू कॅमेऱ्यापुढं एवढंच म्हण की हा कोड मला सापडला. तुझं नाव मोठ्या अक्षरात टाकतो. फक्त थोडं शुद्ध बोल, म्हणजे सगळ्यांना कळेल."

प्रेरणा थांबली. "तुला कळलं का?"

"काय?"

"आत्ता आबा बोल्ले ते. कळलं का तुला?"

"कळलं की."

"मग सगळ्यांना कळंल. मान्सं होती हितं, असं म्हननार असशील तर नाव नको टाकू माजं, चालंल. कोड म्हननार असशील तर माजा फोटो काडून टाक त्यातनं."

"अगं, पाच हजार लोक पण बघणार नाहीत मग!"

"न्हाई तर न्हाई. भाकरी खाल्लीस न्हवं? जा आता."

त्यानं व्हिडिओतून तिचा फोटो वगळला नाही. आठ दिवसांत 'परग्रहाचा गुप्त कोड' सगळीकडं पसरला. कुणी त्या शून्य-एकांतून तारीख काढली, कुणी जगबुडी. प्रेरणानं उलथनं भिंतीवर फेकून मारलं, त्याचा दांडा वाकला. मग त्याच संध्याकाळी उजेड होता तोवर ती खाली गेली आणि स्वतः व्हिडिओ केला. आबांचा बांध, फटी, रेघ, आणि तिचा आवाज. 'म्या काय शिकल्याली न्हाई,' अशी मुद्दाम आबांसारखी सुरुवात केली. 'पन भात लावल्यालं हाय. आनि ह्यो भात लावनाऱ्याचा बांध हाय.' साठ-एक जणांनी बघितला. चौघांनी भाषा सुधारा म्हणून लिहिलं. एकानं विचारलं, खानावळीचा पत्ता काय.

मग जूनच्या मध्यावर खेळाची नवी आवृत्ती आली. खानावळीमागच्या पाण्याच्या टाकीवर चढून, रेंज धरून, तिनं ती उतरवून घेतली. खेळ उघडला. काळा पडदा. 'या ग्रहावर आपल्याआधी कोणीही नव्हतं.' ती पळत खेळातल्या तलावाकाठी गेली.

काठ सपाट होता.

पायऱ्या नाहीत, फटी नाहीत. डोंगरावरची रेघसुद्धा पुसलेली. गुळगुळीत वाळू, पाण्यापर्यंत. बदलांच्या यादीत खाली बारीक अक्षरांत एक ओळ : 'तलावाकाठच्या दगडांच्या मांडणीतील चूक दुरुस्त केली.'

तेवढ्यात स्वरूपचा फोन. "बघितलंस? पुसलं त्यांनी! म्हणजे कोड खरा होता! अगं, तुझ्याकडे जुने फोटो असतील, सगळे पाठव, आपण दोघं मिळून..."

"तू म्हननार का मान्सं होती म्हनून?"

"प्रेरणा, आता हा विषय नाहीये गं."

"माजा त्योच विषय हाय," ती म्हणाली आणि फोन कापला. चूक म्हणे. कुणाच्या तरी हातांनी रचलेलं, ते चूक.

मग तिनं खेळातला एक दगड अंगठ्यानं उचलून वाळूत ठेवला. मोजणीदाराला खुणेचे दगड रचता यायचेच. एकावर एक, शेजारी एक. सगळे जण डोंगरावर खनिज खोदत होते, ही काठावर बांध घालत बसली. चार दिवसांत पहिलं खाचर झालं. सोमवारी खेळानं, दर सोमवारी करतो तसं, सगळ्यांनी ठेवलेल्या खुणा पुसून टाकल्या. काठ पुन्हा कोरा. मंगळवारी तिनं पुन्हा पहिला दगड ठेवला.

"वेड लागलंय पोरीला," फुलाबाई गिऱ्हाइकांना सांगायची. "फोनमदी गवंडीकाम करती."

जुलैत धरण चढलं. रखमाजीचं खाचर, बांध, फटी, सगळं तपकिरी पाण्याखाली गेलं. पाणी चढलं की म्हाताऱ्याला काम उरायचं नाही. तो खानावळीत येऊन चुलीशेजारी बसायचा, हात शेकायचा. नखांत गाळ अजून तसाच.

एका शनिवारी गर्दी ओसरल्यावर प्रेरणा त्याच्याशेजारी टेकली आणि मोबाईल काढला. आता हात बसल्यामुळं शुक्रवारपर्यंत तिची तीन खाचरं उभी राहिली होती. चौथ्याचं चाललं होतं. परवा सोमवार.

"हे काय गं?" रखमाजीनं मान पुढं केली.

"त्येच. मालकानं पुसलं, म्या परत घातलं."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले, मोबाईल तिच्या हातासकट जवळ ओढला. बाहेर एक गाडी भोंगा वाजवत गेली.

"परत पुसनार का त्यो?"

"पुसनार की. सोमवारी."

रखमाजीनं मान हलवली. त्यात त्याला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मग काचेवर, पीठ लागलेल्या ठशांमध्ये, त्यानं आपलं जाड बोट टेकवलं.

"ह्या तिसऱ्याचं पानी कुठनं सोडलंस?"

"डावीकडनं."

"मग चवथ्याला उजवीकडं ठिव. आनि फट जरा रुंद कर, पोरी. पावसाचं पानी लई येतंय."

प्रेरणानं दोन दगड काढले आणि फट रुंद केली.