ओल्या भिंतीची किंमत

मधल्या खोलीत शिरल्याबरोबर वैष्णवीनं भिंतीवर तळहात टेकवला आणि तोच हात नाकाशी नेला. दलालाचा चेहरा पडला. आजवरची सगळी गिऱ्हाइकं याच भिंतीपाशी येऊन माघारी फिरली होती.

"जुनं घर म्हटल्यावर थोडी ओल असायचीच मॅडम," तो घाईनं म्हणाला. "म्हणून तर चार लाख कमी केलेत मालकीणबाईंनी."

थोडी कसली? कमरेपर्यंत गिलावा फुगून पोपडे सुटले होते, त्यावर पांढरा खार फुलला होता आणि कोपऱ्यात फरशीच्या सांध्यालगत कायमचा ओलसर डाग होता. पण वैष्णवीला घर आवडलं होतं. सोपा ऐसपैस होता, मागं मोकळं अंगण होतं आणि सगळ्या खोल्यांतून वारं खेळत होतं. ती एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिचा नवरा अभिमन्यू होटगी स्टेशनात नोकरीला होता. दोघं मूळची वळसंगची. लग्न झाल्यापासून सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि दर रविवारी कुठलं ना कुठलं घर बघत होती. परवडणारं घर आवडायचं नाही आणि आवडलेलं परवडायचं नाही. हे पहिलंच घर दोन्ही बाजूंनी जुळत होतं, तेही त्या चार लाखांमुळंच.

घराची मालकीण नागम्मा सत्तरीची होती. नवऱ्यानं या घरात हातमाग चालवले, एकुलती एक मुलगी वाढवली आणि मागं बायकोला ठेवून तो गेला. मुलगी गौरम्मा कुर्डुवाडीला दिली होती. या ओलीमुळंच आईचा खोकला हटत नाही, असं तिचं ठाम मत. घर विकून माझ्याकडं ये, असा तिनं दोन वर्षं लकडा लावला होता.

"भिंत रडतंय बघ पोरी," नागम्मा वैष्णवीला म्हणाली. "मालक गेल्यापास्नं रडतंय. मी तर रडायचं सोडलं, ह्येनं न्हाई सोडलं." आणि स्वतःच खळखळून हसली. हसता हसता खोकला आला, तरी हसू काही थांबलं नाही.

इसार देण्याआधी या ओलीवर पुढं किती खर्च बसेल ते कळलं पाहिजे, असं अभिमन्यूचं म्हणणं. रास्तच होतं. म्हणून त्यांनी एकामागून एक तीन माणसं आणली.

पहिला वॉटरप्रूफिंगच्या कंपनीचा. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. भिंतीला ओळीनं भोकं पाडायची, त्यांत केमिकल भरायचं, सगळा गिलावा उतरवून नवा करायचा, वर दहा वर्षांची गॅरंटी. दोन लाख दहा हजार.

दुसरा धोंडिराम गवंडी. त्यानं थापीच्या मुठीनं भिंत वाजवून बघितली आणि सांगितलं, "केमिकल-बिमिकल काय नको. सगळी भिंत सोलतो, नवा गिलावा मारतो. साठ हजार द्या."

तिसरा रंगारी. तो म्हणाला, ओल दाबणारा रंग मिळतो, दोन हात मारले की झालं, बारा हजारांत भिंत चकाचक.

"घ्या!" घरी आल्यावर अभिमन्यूनं कपाळाला हात लावला. "एकच भिंत. एक म्हणतो दोन लाख, एक म्हणतो बारा हजार. खरं कुणाचं मानायचं?"

"तिघेही खरंच सांगत असतील," वैष्णवी म्हणाली. "तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितले. पण भिंत ओली होते कशानं, हे एकानं तरी सांगितलं का? तापावर गोळी दिली, ताप कशाचा ते कुणी तपासलंच नाही."

"तू लॅबवाली. तुला सगळीकडं तपासणीच दिसणार."

"मग तपासू या की."

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा गेली. पावसाळा सरून बरेच दिवस झाले होते, तरी भिंत तेवढीच ओली होती. म्हणजे पाणी आभाळातलं नव्हतं. पलीकडं शेजाऱ्याची मोरी नव्हती, की पाण्याची टाकी नव्हती. वैष्णवी हिंडत हिंडत अंगणात आली. तिथं एक लिंबाचं झाड होतं. पानं पिवळी पडून वळलेली, लिंबं सुपारीएवढी.

"आजी, याला पाणी घालत नाही का?"

"न घालून कसं चालंल?" नागम्माला ते लागलं. "नळ चार-पाच दिसांनी येतो, म्हणून थेंब वाया घालवत न्हाई मी. भांड्याचं, तांदळाचं, भाजीचं, सगळं मोरीतलं पाणी ह्यालाच जातंय. मालकांनी मोरीपास्नं पाइप घातलाय खालनं. एवढं पिऊन पण वाळतंय बघ. म्हातारं झालं आसंल माझ्यावानी."

वैष्णवीनं मोरी बघितली, झाड बघितलं, आणि या दोन्हींच्या मधे काय आहे तेही बघितलं. मधे मधली खोली होती.

"आजी, घरात नीळ आहे का? कपड्यांची?"

नीळ होती. नागम्मा सोप्यात शेंगा फोडत बसली. वैष्णवीनं बादलीत निळीची अख्खी पुडी कालवली आणि ते गडद पाणी मोरीत ओतलं. वर साध्या पाण्याची आणखी एक बादली ओतली. अभिमन्यूला तिनं झाडापाशी उभं केलं होतं.

"आलं का?"

"दोन थेंब आलेत. साधेच."

"आता?"

"कोरडं ठाक."

दोघं मधल्या खोलीत गेली, भिंतीशी उकिडवी बसली आणि वाट बघू लागली. बाहेर शेंगा फुटल्याचा टकटक आवाज येत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. अभिमन्यूच्या पायाला मुंग्या आल्या. मग फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून एक थेंब वर आला. टपोरा, निळाशार. त्याच्यामागं दुसरा. बघता बघता निळी रेघ सांध्याकडेनं सरकत गेली.

वैष्णवीला ओरडावंसं वाटलं. लॅबमध्ये महिनोन् महिने न सापडलेला आजार एखाद्या काचपट्टीवर अचानक दिसावा, तसा आनंद तिला झाला. तिनं अभिमन्यूचा दंड गच्च धरला.

"पाइपचा जोड निखळलाय भिंतीखाली," ती कुजबुजली. "एवढंच. हजार-दोन हजारांचं काम. मग भिंत वाळू द्यायची आणि खालचा खराब गिलावा तेवढा बदलायचा. सगळं मिळून दहा हजारांच्या आत."

अभिमन्यूनं सोप्याकडं बघितलं. मग त्यानं खिशातला रुमाल काढला, फरशीवरचं निळं पाणी पुसलं आणि म्हणाला, "चल, निघू या."

नागम्मानं चहाला थांबवलं, तर घाईचं कारण सांगून दोघं बाहेर पडली.

गाडीवर वैष्णवी मागं गप्प बसली होती. बोलत होता तो अभिमन्यूच.

"हे बघ, आपण काही खोटं बोललो नाही. किंमत त्यांनीच ठरवली. बाजारात शेळी गाभण आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसलं आणि घेणाऱ्याला कळलं, तर घेणारा सांगत बसतो का? कुणीच नाही सांगत. बरोबर का नाही?"

त्यानं गिअर बदलला.

"सांगितलं तर चार लाख वाढणार. कुठनं आणायचे? बँक देणार नाही. म्हणजे घर गेलंच. पुन्हा रविवारी वणवण." चौक आला. सिग्नल लागला. "आणि दहा हजारांच्या रोगापायी म्हातारी चार लाख सोडून लेकीच्या दारात जाऊन बसणार. जन्मभर. बरं, तिची काही इच्छाही दिसत नाही जायची." सिग्नल सुटला. "तू काहीतरी बोल की!"

"तुम्ही बोलताय ते ऐकतेय."

"लई वाईट बाई आहेस तू," अभिमन्यू म्हणाला, आणि त्यानं चौकातूनच गाडी माघारी वळवली.

नागम्माला आधी काही उमगेना. मग वैष्णवीनं पुन्हा निळं पाणी ओतलं आणि तिला भिंतीशी आणून बसवलं. सांध्यातून निळा थेंब वर आला तशी म्हातारीनं बोट लावून बघितलं. निळं बोट डोळ्यांसमोर धरलं. "अय्यो शिवने!" म्हणत ती हसायला लागली. हसता हसता फरशीवरच बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"मीच पाणी पाजतंय की ग भिंतीला! रोज तीन-तीन वेळा! थेंब वाचवतंय, वाचवतंय म्हणून!"

त्या दोघांनाही हसू आवरेना. हसू ओसरल्यावर नागम्मानं चौकशी केली. खर्च किती, दिवस किती, वाळेल का खरंच? वैष्णवीनं सगळं सांगितलं. तिघांनी सांगितलेले भाव सांगितले, त्यांतलं काय लागेल, काय नाही तेही सांगितलं. पाइप न बदलता दोन लाख घातले असते तरी वर्षात पोपडे पुन्हा सुटले असते, असंही म्हणाली.

म्हातारी खोलीभर नजर फिरवत होती. मग तिनं विचारलं, "आसं आसंल तर मी कशाला जाऊ कुर्डुवाडीला?"

"बरोबर आहे आजी," वैष्णवी म्हणाली, आणि तेही मनापासून.

घर गेलं. चार लाखांचा प्रश्नसुद्धा उरला नाही. वाटेत अभिमन्यूनं गाडी थांबवून दोन उसाचे रस सांगितले. "आपल्यासारखं येडं जोडपं सोलापुरात दुसरं नसंल," तो म्हणाला. का कोण जाणे, दोघांनाही हलकं वाटत होतं.

धोंडिराम गवंड्यानं फरशी उकरली, फुटलेला जोड काढून दाखवला आणि मोकळेपणानं म्हणाला, "मी सगळी भिंत सोलली आसती आणि पुन्हा शिव्या खाल्ल्या आसत्या." नवा पाइप त्यानं भिंतीखालून न नेता बाहेरच्या बाजूनं फिरवून नेला. खारावलेला गिलावा कमरेपर्यंत खरवडला आणि बजावलं, "आता भिंतीला हात लावायचा न्हाई. विटा वाळू द्या. घाई केली तर पैसं मातीत."

तेव्हापासून वैष्णवी आणि अभिमन्यूचे रविवार त्या भिंतीपाशी जायला लागले. तसं पाहिलं तर त्यांचं तिथं आता काही काम नव्हतं. पण भिंत किती वाळली हे बघितल्याशिवाय वैष्णवीला चैन पडेना. नागम्मा खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावायची आणि आजाऱ्याची हालहवाल सांगावी तशी सांगायची, "आज वरच्या आंगाला पांढरं दिसतंय. ह्या कोपऱ्याला अजून दम न्हाई." मग भाकरी, शेंगाचटणी, दही. अभिमन्यूला ती 'तम्मा' म्हणायला लागली, कानडीतला धाकटा भाऊ. तिचा खोकलाही उतरत गेला.

विटा खणखणीत वाळल्यावर धोंडिरामानं गिलावा केला. चुन्याचा हात फिरला. सगळा खर्च मिळून नऊ हजारांच्या घरात गेला. त्या दिवशी जेवणं झाल्यावर नागम्मानं दोघांना अंगणापलीकडं नेलं आणि एका मोठ्या दाराचं कुलूप काढलं. आत लांबलचक, उंच छपराची खोली होती. जमिनीत मागांचे खड्डे, कौलांमधल्या काचांतून उतरलेलं ऊन.

"मागाचं घर," ती म्हणाली. "दुसरं दार मागच्या बोळात उघडतंय. मीटर वेगळा. ह्यात धा माणसं काम करायची. आता उंदीर राहतात. तुमाला देते. आख्ख्या घराच्या निम्म्या किमतीत."

अभिमन्यूचा आ वासला. "आजी, अहो, पण गौरम्माताई?"

"गौरम्माचं मी बघते. मला लेकीकडं पैसं मागायला नको, आणि मागं दिवा दिसला म्हंजे झालं. तुमी व्हय म्हना आधी."

वैष्णवीनं व्हय म्हणायच्या आधी चारी भिंतींना हात लावून बघितला. नागम्मा पुन्हा हसत सुटली.

कागद झाले. खड्डे बुजले, दोन आडभिंती उठल्या, ओटा झाला, वळसंगहून अभिमन्यूच्या आईनं ज्वारीची दोन पोती धाडली. वास्तूच्या जेवणाला गौरम्मा कुर्डुवाडीच्या गाडीनं आली ती कपाळाला आठ्या घालूनच. तिला हे काही पटलं नव्हतं. आईला कुणी गोड बोलून गुंडाळलं, असाच तिचा समज. चहाला हात न लावता ती तडक मधल्या खोलीत गेली. भिंत चाचपली, वाकून कोपरा बघितला, सांध्यात नख घातलं. मग वैष्णवीकडं वळली.

"चार लाख वाचत होते तुमचे. मग सांगितलं कशाला?"

"मी नाही, यांनी गाडी वळवली," वैष्णवी म्हणाली.

"हिनं एक शब्द बोलायचा होता, तर वळवली नसती!" अभिमन्यू तावातावानं म्हणाला. "मागं बसून गप्प. माणसानं काय करायचं?"

गौरम्मानं ओठ आवळून धरले होते, तरी हसू फुटलंच. आईसारखंच खळखळतं. आतून नागम्मा ओरडली, "ए, हसायचं मागनं! पोळ्या थंड होतायत! बर्री, ऊटाक्क बर्री, जेवायला या!"

जेवणं रंगत गेली. गौरम्मानं स्वतः पदर खोचून वाढलं, धोंडिरामाला तिसरी पोळी आग्रहानं घातली, वैष्णवीच्या सासूशी ज्वारीच्या भावावरून वाद घातला आणि तिलाच कुर्डुवाडीला यायचं आवतण दिलं. परतीची दुपारची गाडी निघून गेली. मग तिनं अंगणात उभं राहून नवऱ्याला फोन लावला.

"आज न्हाई येत हो मी," ती मोठ्यानं सांगत होती. "उद्याचंबी सांगत न्हाई. भाजी फ्रीजमध्ये हाय, भाकरी तुमी शेजारनं घ्या. अव्वा? आईला काय धाड भरली? कशी हाय म्हंजे? ऐका की, तिचंच हसणं ऐकू येतंय."