भिकादादांचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. डिंगोरे गावात मी एकदा खाकरलो की अख्खा बाजार पटापट शटर ओढायचा, एवढा माझा दरारा. आता खरं सांगायचं, तर खाकरायचे भिकादादा. मी ते नुसतं मोठं करायचो.

भिकादादा म्हणजे तालुक्यातले नावाजलेले गुंड. मला त्यांनी विकत घेतलं नव्हतं. बैलगाडा शर्यतीच्या घाटावरून जीपमध्ये घालून आणलं आणि घराच्या पत्र्यावर बांधलं. माझा मालक मंडपवाला मला परत न्यायला कधी आलाच नाही.

पुढं दादांना साखर झाली. आधी पायाचा अंगठा गेला, मग किडनी रुसली. दादा खाटेवर पडले, पण माईक उशाशीच. आता माझं काम एवढंच, की उसात बिबट्या दिसला की त्यांचा पुतण्या सुभाष मशीनचं बटण दाबायचा आणि टेप केलेली सूचना मी गावभर ओरडायचो, "बिबट्या आलाय. पोरं-शेरडं आत घ्या. कुनी भाईर पडू नका."

आणि रोज सकाळी दादा एकदा खाकरायचे. शटर खाली आल्याचा आवाज आला की त्यांना बरं वाटायचं. औषधापेक्षा जास्त.

एका सकाळी खाकरून झाल्यावर माईक चालूच राहिला. ऐन बाजारात माझ्या तोंडून दादा बोलले, "झुंबर, सुई बारीक हाय ना गं? कालची लई लागली."

त्यांच्या बायकोचा, झुंबरबाईंचा आवाज आला, "अजून टोचलीबी न्हाई. डोळं मिटा."

"हळू गं. हळू."

"लोकांच्या अंगावर कोयता घेऊन जाताना ह्ये हळू कुठं व्हतं? गप पडा."

मग कोबीच्या ढिगामागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. दुसऱ्या दिवशी दादा खाकरले, तर एकही शटर हललं नाही.

चहावाल्या साळुबाईंची टपरी दादांनी दोनदा उलटवली होती. त्याच आता कारल्याचा रस घेऊन दारात. "दादा, आज कंची सुई?"

दादांनी रस प्यायला आणि तोंड भिंतीकडं केलं. "सुभाष, मी गेल्यावर तरी बाजार बंद राह्यला पायजे. तेवढं बघ."

साळुबाई म्हणाल्या, "मी न्हाई बंद ठेवनार. तुमाला पोचवायला येनाऱ्या मान्सांना च्या कोन पाजनार?"

मित्रांनो, भोंग्याला जपा. बोलून झालं की बटण बंद करा आणि दाबण्याआधी कुठलं ते बघा. एवढंच माझं मागणं.

गेल्या बाजाराच्या दिवशी दादा गेले. गावाला कळवायला सुभाष रडतरडत मशीनपाशी आला आणि हाताच्या सवयीनं त्यानं बिबट्याचं बटण दाबलं. मी गावभर ओरडलो, आणि चूक लक्षात येऊन खरं सांगेपर्यंत लाईट गेली.

पाच मिनिटांत बाजार बंद झाला. साळुबाईंनी स्टो विझवून आतून कडी लावली. दादांना खांदा द्यायला सुभाष एकटाच होता.