धाकट्या खारीपर्यंतची सफर

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. ठाकुर्लीच्या मागे खाडीकाठी एक पत्र्याची शेड आहे, तिच्या आडोशाला मला पालथी घालून ठेवली आहे. होडी अशी पालथी घातली की समजावे, तिची आता कुणाला गरज उरली नाही. सध्या माझ्या पाठीवर एक शेळी येऊन बसते. तिला मी खडक वाटत असावे. तिचा काही दोष नाही, पण राग येतो. ज्या अंगावर एके काळी हळदकुंकू लागले, त्या अंगावर आता लेंड्या पडतात.

मला पंढरीच्या वडिलांनी, गणूने, बांधून घेतले. सागाच्या फळ्या होत्या. फळ्यांच्या फटींत सुताराने कापूस ठासला आणि वरून तेल पाजले. मी पाण्यात उतरले त्या दिवशी सगळी आळी बंदरावर जमली होती. नारळ फुटला आणि गणूने आपल्या आईचे नाव मला दिले. पुढच्या फळीवर लाल रंगात लिहिले, 'शेवंती'. आगरी माणसाने आईचे नाव दिलेल्या होडीत कुणी चपला घालून चढत नाही, एवढे तुम्ही ध्यानात ठेवा.

माझे पहिले काम मीठ वाहण्याचे. तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांना मिठागरे होती. पांढऱ्याशुभ्र राशी उन्हात चमकत. गोण्या भरून मी दिव्याकडे, ठाण्याकडे जात असे. मीठ अंगात मुरले म्हणून माझे लाकूड इतकी वर्षे टिकले. नंतर मिठागरे एकेक करून बंद पडली. मग मी रेती वाहिली. तीही थांबली. गणू गेला आणि मी पंढरीच्या हाती आले.

पंढरी मोठा हिकमती. त्याने मला निळा रंग दिला, वर ताडपत्रीचे छत बांधले, बसायला गाद्या टाकल्या आणि लोकांना खाडी दाखवायला सुरुवात केली. त्याचा एकच नियम होता. एका दिवशी एकच कुटुंब. सकाळी निघायचे, संध्याकाळी परतायचे, मध्ये कुणाला चढवायचे नाही. त्याची बायको लक्ष्मी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचे कालवण डब्यात भरून देई.

खरे सांगू का, सुरुवातीला मला हे काम आवडले नाही. मिठाच्या गोण्या निदान गप्प बसतात. हे पाहुणे चढताना किंचाळत, मधोमध उभे राहून फोटो काढत आणि पाणी काळे का आहे, असे मलाच दोष दिल्यासारखे विचारत. पण पंढरी सुकाणू धरून बसला की हळूहळू सगळे शांत होत. हात कामात असल्यामुळे तो हनुवटीने दाखवी. तिवरांच्या मुळांशी चिखलात उड्या मारणारे निवटी मासे, तारेवर बसलेला खंड्या, मुंब्रादेवीचा डोंगर, ओहोटीला उघडे पडणारे खडक. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर जन्म काढलेली माणसे म्हणत, "अरे, हे आपल्या इतक्या जवळ आहे?" तेव्हा पंढरी गालात हसे आणि मला उगाचच माझी छाती फुगल्यासारखी वाटे. ती माझी कौतुकाची वर्षे.

मित्रांनो, आता ज्या दिवसामुळे मी इथे पालथी पडले, तो सांगते.

प्राची नावाच्या एका मुलीचा पंढरीला फोन आला. डोंबिवली पूर्वेला राहणारी, नोकरी करणारी. "काका, पूर्ण दिवसाची बोट पाहिजे. फक्त मी आणि माझी आजी. फ्लेमिंगो वगैरे काही नको. आजी धाकट्या खारीला जायचंय म्हणते. असं काही आहे का?"

पंढरीला ते ठिकाण ठाऊक होते. धाकटी खार म्हणजे दिव्याच्या पुढे, खाडीच्या वळणावर आत शिरणाऱ्या एका चराच्या टोकाला असलेले जुने मिठागर. गणूबरोबर तो लहानपणी तिथे मीठ भरायला जात असे. त्यानंतर तिकडे कुणी फिरकले नव्हते. जमिनीवरून तर वाटच उरली नव्हती.

"हाय," तो म्हणाला. "नेतो तुमाला."

थंडीचे दिवस होते. सकाळी रिक्षातून आजी उतरली. तिचे नाव रंगूबाई. ऐंशीच्या घरातली, वाळक्या शेंगेसारखी बारीक आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. बंदराच्या पायरीवर तिने न सांगता चपला काढल्या, माझ्या पुढच्या फळीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मी तिथेच विरघळले. तिच्या मांडीवर एक लहानसा डबा होता. तो ती प्राचीलाही धरू देत नव्हती.

पंढरीने नेहमीप्रमाणे आधी तिथी मोजली होती. आमच्या खाडीकाठच्या लोकांचा हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी द्वितीया होती, म्हणजे दीडला पाणी पूर्ण भरणार. त्यातही उधाणाचे दिवस. चरात कमरेच्या वर पाणी असणार, होडी थेट बांधाला लागणार. त्याच्या वडिलांचा हा हिशेब कधी चुकला नव्हता. पंढरीने रंगूबाईला शब्द दिला, "आई, तुमचा पाय मी बांधावरच ठेवीन."

वाटेत त्याने हनुवटीने एकदाही काही दाखवले नाही. रंगूबाईच सांगत होती. डोळ्यांना दिसत नव्हते तरी वारा बदलला की ती ओळखत होती. "आता वलन आलं. आता दिव्याची बाजू." तिचे माहेर त्या मिठागरावरचे. बाप मिठाचे वाफे राखायचा. लग्न होऊन ती कल्याणला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला परत माहेरी आली.

"म्हणजे बाबांच्या वेळी?" प्राचीने विचारले.

"तुज्या बापाच्या आधी," रंगूबाई म्हणाली. "तुज्या बापाला थोरला भाऊ होता. पाचवी झालेली. बारसं व्हायचं होतं."

प्राची तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, मित्रांनो, पुरतात आणि वर मीठ घालतात. रंगूबाईच्या बापाने आपल्याच वाफ्यातले पहिल्या हाताचे मीठ टोपली भरून आणले होते. बांधावरच्या करंजाखाली खड्डा काढला होता. तिसऱ्या दिवशी तिला कल्याणला परत नेले. सासरी सांगितले, की याचा विषय काढायचा नाही. तिने काढला नाही. माहेर उठले, माणसे पांगली, आणि तिच्या पोटातले हे दुःख ऐकायला कुणी उरले नाही.

"एकदा दूधभात ठेवायचा हाय," ती म्हणाली. "त्याला मी कदी जेवू घातलंच नाय."

पंढरीने माझे मशीन बंद केले. चराचे तोंड आले होते. त्याने बांबू हातात घेतला आणि मला आत ढकलले. मी थोडी पुढे सरकले आणि माझे पोट चिखलात रुतले.

पंढरी हसून म्हणाला, "जरा थांबू, आई. पानी अजून चढंल."

आम्ही थांबलो. तिवरांच्या पानांवरून ऊन सरकत होते. पाणी हळूहळू चढले, माझे पोट मोकळे झाले, मी वावभर पुढे गेले आणि पुन्हा अडकले. पंढरीने बांबू खाली टेकवला तेव्हा खणकन आवाज आला. चिखलात बांबूचा असा आवाज होत नाही. त्याने मान वर करून समोर पाहिले. मीही पाहिले.

समोर बांध नव्हता. करंज नव्हता. फुटक्या विटांचा, सिमेंटच्या ढेकळांचा आणि घरांतून उखडून काढलेल्या लाद्यांचा एक मोठा ढीग होता. कुणी, केव्हा, कुठल्या वाटेने आणून टाकला, मला ठाऊक नाही. चराचा घसाच त्याने बंद केला होता. चंद्र आपले काम करत होता, तिथीही बरोबर होती, पण आलेल्या पाण्याला आत जायला जागा नव्हती.

"करंज दिसतो का गं?" रंगूबाईने विचारले.

प्राचीने पंढरीकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. पंढरी म्हणाला, "दिसतो ना, आई. पर होरी इथवरच थांबल. पानी पलटायला लागलंय. पलटलं तर रातपर्यंत आपन इथंच." मग जरा घुटमळून म्हणाला, "डबा द्या. मी ठेवून येतो."

रंगूबाईने डबा लगेच दिला नाही. "मना नाय का उतरता येनार?"

"चिखल कमरेएवढा हाय, आई."

मग तिने डबा दिला. पंढरी चिखलात उतरला. तोही काही तरणा राहिला नव्हता. पाय ओढत तो त्या ढिगापर्यंत पोचला आणि वर चढून बराच वेळ नुसता उभा राहिला. कुठे बांध होता, कुठे झाड होते, काय अंदाज बांधणार? शेवटी तो एका जागी उकिडवा बसला आणि हातांनी लाद्या बाजूला करू लागला. एक उचलली, खाली दुसरी. ती उचलली, खाली आणखी एक. खालचा काळा चिखल थोडासा दिसला तेव्हा त्याने दूधभात त्यावर ठेवला आणि हात जोडले. प्राची तोंडावर ओढणी धरून बघत होती. रंगूबाई त्या दिशेला तोंड करून पुटपुटत होती, "जेव रं, बाला."

पंढरी परत आला. माझ्या कडेवरून आत चढला आणि धापा टाकत रंगूबाईच्या पायाशी बसला. "ठेवला, आई," तो म्हणाला. "करंजाच्या बुडाशीच ठेवला. सावली हाय चांगली."

"देव तुजं भलं करो," ती म्हणाली आणि जुन्या बाया करतात तसा पदराने त्याच्या पायाचा चिखल पुसू लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"चिखल तर गार असतोय रं," ती म्हणाली. "हा गरम कसा?"

फुटक्या लाद्यांनी पंढरीच्या पायांचे दोन्ही तळवे फाटले होते, रक्त वाहत होते.

"काय हाय तिथं?"

"लाद्या हायत, आई," पंढरी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "करंज नाय. बांध नाय. सगल्या लाद्याच टाकल्यात."

रंगूबाई रागावली नाही. तिने पदराची किनार फाडून त्याच्या पायाला गुंडाळली. गाठ मारताना अगदी हळू आवाजात तिने विचारले,

"लय जड हायत का रं?"

मित्रांनो, मी रेती वाहिली आहे, उधाणाच्या लाटा झेलल्या आहेत. पण त्या प्रश्नाचे ओझे मला पेलले नाही. पाणी उतरू लागले होते, म्हणून पंढरीने मला मागे ढकलले आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रंगूबाई गेली. प्राची एकटीच बंदरावर आली, हातात लाल फडक्यात बांधलेला कलश. आजीची शेवटची इच्छा एकच होती, तिला तिच्या बाळाजवळ न्यायचे. पंढरीने त्या दिवशी तिथी मोजली नाही. मला घेऊन तसाच निघाला. वळणावर पोचलो तर चराचे तोंडही राहिले नव्हते. ढीग मुख्य खाडीपर्यंत येऊन ठेपला होता. पंढरीने मला त्या ढिगाला अगदी घासून उभी केली, माझ्या अंगावर ओरखडे उठले तरी बांबू रोवून धरून ठेवली. प्राचीने तिथेच अस्थी सोडल्या. याहून जवळ जाता येत नव्हते. आई बाहेर पाण्यात राहिली आणि लेकरू आत.

परत आल्यावर पंढरीने माझे छत काढले, गाद्या लक्ष्मीकडे दिल्या आणि मला पालथी घातली. सफरीसाठी अजून त्याला फोन येतात. तो सांगतो, "खाडी दाखवाचं बंद केलंय." लक्ष्मी त्याच्यावर ओरडते, पण तो तिचे ऐकत नाही. माझ्या तळाला आता भेगा पडल्या आहेत. मी पुन्हा पाण्यात उतरेन असे मला वाटत नाही.

माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. लाकूड आहे, आज ना उद्या कुजायचेच. तुमच्याकडून मला एकच हवे आहे. तुमच्या घरात कधीतरी नवी, चकचकीत लादी बसेल. कामगार जुनी फोडून गोण्यांत भरतील आणि टेम्पो येऊन घेऊन जाईल. तेव्हा नव्या लादीवरून मोजे घालून घसरायच्या आधी जरा गॅलरीत जा आणि त्या टेम्पोवाल्याला हाक मारून विचारा, की काका, हे तुम्ही कुठे नेऊन टाकणार? त्याने नीट उत्तर दिले नाही, तर त्याला जाऊ देऊ नका. तिथे खाली कुणाचे काय पुरलेले आहे, हे त्यालाही माहीत नसते.