कोपऱ्यातली जाडी

परवा रविवारी दुपारी करिष्मानं ताटावरच सांगितलं, "पप्पा, मी पीएचडीचा प्रबंध उद्या देत नाहीये." माझा घास हातातच राहिला. सहा वर्षं पोरीनं त्या गणितात घातलेली. सोमवारी जमा करायचा होता, आणि चिखलीतल्या अख्ख्या गल्लीला मी पेढे कबूल करून बसलेलो!

"डोकंबिकं फिरलंय का तुझं? तुझ्या गाईड सरांनी वाचलाय ना?"

"सरांच्या नजरेतून सुटलं. एका पानावर मी चुकलेय."

मी चाकणच्या प्रेस शॉपमध्ये डाय फिटर. डाय म्हणजे साचा; त्यात पत्रा ओढून टाकीचे अर्धे भाग काढायचे, हे माझं काम. गणित म्हटलं की मला झोप येते. म्हणून तिनं ताटातली पोळीच पुढं ओढली.

"समजा, एक पृष्ठभाग दुसऱ्यावर बसवायचाय, कमीत कमी ताण येईल असा. प्रयत्न करत गेलं की बहुतेक जागी सगळं छान बसत जातं. पण मोजक्या ठिकाणी ताण गोळा होत होत एका टिंबात शिरतो. ते टिंब मोठं करून बघितलं की आत वेगळाच फुगा सापडतो." पोळीला आलेल्या फुग्यावर तिनं बोट ठेवलं. "पोळी आणि फुगा यांना जोडणारी बारीक मान असते. मी लिहिलंय, मानेत ताण उरत नाही. एकूण ताण म्हणजे पोळीतला अधिक फुग्यातला, झाली बेरीज. साध्या प्रकारात हे खरं आहे. माझा प्रकार वरचा, अवघड. तिथं मी ते सिद्ध केलेलंच नाही, नुसतं धरून चाललेय."

"मग? तेवढीशी मान कोण बघतंय? बाकी गुळगुळीत आहे ना? दे लोटून!"

तिनं पोळी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही दिला असता असा पीस?"

आयला, बरोबर दुखऱ्या जागी लागलं. माझ्या शॉपमधल्या सुजितकाकाचा डोळा दाबाच्या टेस्टिंगला टाकी फुटून गेला, एवढंच तिला माहीत होतं. उरलेलं मी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी नवी डाय होती. ट्रायलचा पीस आरशासारखा निघाला. फक्त कोपऱ्यात, पत्रा वळून खाली उतरतो तिथं, केसाएवढी रेघ. रेघ म्हणजे पत्रा पातळ पडलाय. अशा वेळी पीस कापून कोपऱ्याची जाडी मोजायची असते. पण माल न्यायला गाडी दारात उभी, साहेब डोक्यावर. मी रेघ एमरी पेपरनं घासून मिटवली आणि खडूनं ओके लिहिलं. महिन्याच्या आत त्या डायमधून निघालेली एक टाकी त्याच कोपऱ्यातून फुटली, सुजित वाकून बघत असताना. चौकशीत पत्र्याचा लॉट खराब ठरला. मी तोंड उघडलं नाही.

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. पोरीसमोर लाज वाटली, फार वाटली. तिनं माझी समजूत काढली नाही. उठली, लॅपटॉप उघडला आणि सरांना लिहिलं, कुठल्या पानावरची कुठली ओळ अजून खरी ठरलेली नाही ते.

"आता वर्ष तरी जाईल," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी हात धुतला. सुजित तळेगावला राहतो. दर दिवाळीला त्याच्याकडून आम्हाला फराळ येतो. मी चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"सुजितकडं. तूही चल बाई, एकट्यानं सांगायला जमायचं नाही मला."